८० हजारांत ग्राफिक्सची मशीन: भाचीसाठी काय घ्यावं आणि काय आत्ता घेऊ नये

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भाची बारावी झाली, कोल्हापुरातच चित्रकलेच्या कॉलेजला प्रवेश मिळालाय. हात चांगला आहे. पुढे डिजिटल चित्रं, लेबल-पॅकिंगचं डिझाइन आणि जमलं तर अ‍ॅनिमेशन करायचं म्हणते. बजेट ८० हजार. चुलतभाऊ म्हणतो, हप्त्यावर सव्वा लाखाचा गेमिंग लॅपटॉप घेऊन टाका. फ्लेक्सवाला मित्र म्हणतो, साधी मशीन घ्या, कोरल (कोरलड्रॉ) शिकवा, बाकी काही लागत नाही.

दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे. माझं उत्तर आधीच देऊन टाकतो. पोरगी घरूनच कॉलेजला जाणार असेल तर लॅपटॉप नको, असेंबल डेस्कटॉप घ्या. वेगळं ग्राफिक्स कार्ड आत्ता घेऊ नका. त्यातून वाचलेले पैसे मॉनिटर आणि पेन टॅब्लेटवर घाला. ती पुण्या-मुंबईला होस्टेलवर असती तर वेगळं बोललो असतो.

मी ऑफसेट आणि पॅकिंगच्या प्रीप्रेसमध्ये आहे. म्हणजे दुसऱ्यांनी केलेली डिझाइनं छापण्याजोगी करून देणं हाच धंदा. रोज पेनड्राइव्हवरून जे येतं त्यावरून सांगतो, बहुतेक फायली बिघडतात त्या मशीन कमी ताकदीची म्हणून नव्हे. चित्र शेवटी कुठे जाणार आहे, याचा विचारच केलेला नसतो. फ्लेक्सवर, छापील बॉक्सवर, मोबाइलच्या पडद्यावर की व्हिडिओत, हे ठरलं की रॅम, कार्ड, सॉफ्टवेअर हे प्रश्न निम्मे आपोआप सुटतात. याच गावात बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवता रंगवता कॅमेरा बनवण्यापर्यंत गेले. काय काढायचंय ते आधी ठरलेलं होतं, यंत्र त्यामागून आलं.

फ्लेक्सपासून सुरू करू, कारण कोल्हापुरात डिझायनरचा पहिला पगार बहुतेक वेळा तिथूनच निघतो. वाढदिवसाचे डिजिटल फलक, गणपतीचे स्वागतफलक, तालमीचे बोर्ड. नवीन पोरं कुठेतरी ऐकतात की छपाईला ३०० डीपीआय (एका इंचात ३०० ठिपके) लागतं, आणि २० बाय १० फुटांची फाइल फोटोशॉपमध्ये ३०० ला उघडतात. हिशेब करा. २० फूट म्हणजे २४० इंच, गुणिले ३००, झाले ७२,००० पिक्सेल. दुसऱ्या बाजूला ३६,०००. दोन्हींचा गुणाकार २५९ कोटी पिक्सेल. छपाईच्या चार रंगांत एकेक पिक्सेल चार बाइटचा, म्हणजे नुसता एक थर (लेयर) १० जीबीच्या वर. फोटोशॉपच्या साध्या पीएसडी फाइलची मर्यादाच एका बाजूला ३०,००० पिक्सेल आहे, त्यापुढे पीएसबी या मोठ्या फाइलच्या प्रकारात सेव्ह करावं लागतं. मग मशीन गुडघे टेकते आणि घरी निरोप जातो, ‘पप्पा, ग्राफिक्स कार्ड पाहिजे.’

तीच फाइल ७२ डीपीआयला केली तर ६०० एमबीच्या आसपास येते. ४० ला केली तर १८५ एमबीच्या आत. चौकात वीस-पंचवीस फुटांवरून बघणाऱ्याच्या डोळ्याला या दोन्हींत फरक कळत नाही. नाव, पदवी, मंडळाचा लोगो हे सगळं कोरल किंवा इलस्ट्रेटरमध्ये व्हेक्टरमध्ये, म्हणजे पिक्सेलऐवजी रेषांच्या गणितात, ठेवलं की त्याला पिक्सेलचा प्रश्नच उरत नाही, कितीही ताणा, कडा धारदारच राहते. फोटो तेवढा पिक्सेलचा. त्यामुळे तुमच्या मित्राचं बोलणं या कामापुरतं शंभर टक्के खरं आहे: फ्लेक्सला साधी मशीन आणि कोरल पुरतं.

३०० डीपीआय लागतं ते हातात धरून बघायच्या वस्तूला. पत्रिका, लेबल, पुस्तकाचं मुखपृष्ठ. पण तिथे आकारच लहान. ए-४ पान ३०० ला साधारण २४८० बाय ३५०८ पिक्सेलचं, चार रंगांत एक थर ३५ एमबी. भाचीने चाळीस थर लावले तरी दीड जीबीच्या आत. १६ जीबी रॅमला हे काहीच नाही.

आता मॉनिटर. इथे मी सगळ्यात जास्त अडून बसेन.

स्वस्त लॅपटॉपच्या माहितीत बारीक अक्षरांत कुठेतरी ‘४५ टक्के एनटीएससी’ लिहिलेलं असतं. कमी किमतीच्या गेमिंग लॅपटॉपमध्येसुद्धा असे पडदे सर्रास येतात, कारण पैसा कार्डात गेलेला असतो. याचा अर्थ एसआरजीबी नावाची जी रंगांची नेहमीची मोजपट्टी आहे, तिच्यातले जेमतेम साठ-पासष्ट टक्के रंग तो पडदा दाखवतो. सगळ्यात आधी मरतात ते लाल आणि केशरी. आणि आपल्याकडे भगव्याशिवाय कुठलं काम होतं का? पोरगी तसल्या पडद्यावर भगवा फिका दिसतो म्हणून आणखी भडक करत जाणार. तीच फाइल चांगल्या पडद्यावर उघडली की चित्र पेटल्यासारखं दिसणार आणि कागदावर तिसरंच काहीतरी येणार.

कागदाचं तर वेगळंच गणित आहे. पडदा रंग उजेडातून करतो, छपाई शाईतून. सायन (आकाशी निळा), मॅजेंटा (गडद गुलाबी), पिवळा, काळा या चार शायांत पडद्यावरचे बरेच रंग बसतच नाहीत. पडद्यावरचा झगझगीत केशरी छापायला साधारण मॅजेंटा ६० ते ७० आणि पिवळा १०० द्यावा लागतो. तो येतो भगवाच, पण पडद्यावरची ती धग त्यात नसते. ज्योतिबाच्या गुलालाचा रंग तर चार शायांत मिळणारच नाही. मॅजेंटा १०० टाकला तरी तो गुलालापुढे मळकाच वाटतो. ज्याला तोच पाहिजे त्याने वेगळी फ्लोरोसंट शाई घ्यावी आणि पाचव्या रंगाचे पैसे मोजावेत. हे गिऱ्हाइकाला छपाईच्या आधी सांगायचं असतं, नंतर सांगितलं तर ते कारण सांगितल्यासारखं होतं.

मार्केट यार्डातल्या एका गुळाच्या बॉक्सचं उदाहरण देतो. ढेपेचा फोटो, मागे मधासारखा सोनेरी-तपकिरी रंग, पडद्यावर बघूनच तोंडाला पाणी सुटावं असा. प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, काढलं तर रंग हिरवट, गूळ बुरसल्यासारखा. फाइल उघडली, तपकिरीत सायन २२ टक्के. उबदार तपकिरीत सायन हा मिठासारखा असतो, चिमूटभर जास्त पडला की पदार्थ गेला. सायन ६ वर आणला, गडदपणासाठी काळा थोडा वाढवला, आणि रंग जागेवर आला. हे दुरुस्त करायला ना कार्ड लागलं ना महागडं सॉफ्टवेअर. छापील शेड कार्ड (रंगांचे नमुने आणि त्यांचे शाईचे टक्के) हातात घेऊन आकडे वाचायची सवय लागली. भाचीला कुठल्याही प्रेसमधून चार रंगांचं छापील शेड कार्ड मागून आणून द्या. मॉनिटरवर डोळा बसेपर्यंत तेच तिचं प्रमाण.

तर मॉनिटर २४ इंची, आयपीएस पॅनेल (बाजूने बघितलं तरी रंग फारसा न पालटणारा पडदा), एसआरजीबी ९९-१०० टक्के. गेमिंगसाठी १८० हर्ट्झ वगैरे लिहिलेलं असेल तर त्याचे वेगळे पैसे देऊ नका. घरी आणल्यावर पहिलं काम म्हणजे ब्राइटनेस उतरवणं. दुकानात उठून दिसावा म्हणून तो भरमसाट ठेवलेला असतो. ‘प्रिंट काळपट आली’ ही जी कायमची तक्रार, तिच्यातला अर्धा दोष छापणाऱ्याचा नसून या ब्राइटनेसचा असतो. पडद्यावरचा पांढरा रंग शेजारी धरलेल्या कोऱ्या कागदाइतकाच उजळ वाटेल इथवर खाली आणा. खोलीत रंगीत एलईडी पट्ट्या नकोत आणि खिडकी मॉनिटरच्या समोर नको. रंग मोजायचं कॅलिब्रेशनचं यंत्र मिळतं, पण ते आत्ता घ्यायची गरज नाही. वर्गातल्या चार-पाच जणांनी मिळून एक घ्यावं.

पेन टॅब्लेट. माऊसने चित्र काढणारे कलाकार मी पाहिलेत, पण हात असलेल्या पोरीला माऊस देणं म्हणजे तिची शिक्षा आहे. पडदा नसलेली साधी पाटी घ्या: वॅकॉम, ह्युऑन किंवा एक्सपी-पेन. वॅकॉमच्या पद्धतीत पाटीखाली तारांची जाळी असते. ती हलक्या विद्युतचुंबकीय लहरी सोडते, पेनातल्या कॉइलला त्यातूनच ताकद मिळते आणि पेन उलटा सिग्नल देतो. म्हणून पेनला सेल लागत नाही आणि चार्जिंगही नाही. दाबाच्या पातळ्या २०४८ की ८१९२ यावर दुकानदार फार बोलतो. त्याकडे लक्ष देऊ नका, कागदावर काम केलेल्या हाताला हा फरक जाणवत नाही. जाणवतं ते हे, की अगदी हलका स्पर्श पेन पकडतो की नाही.

आकार मात्र लहान घेऊ नका. ‘वन बाय वॅकॉम’चा लहान आकार १५२ बाय ९५ मिलिमीटरचा, मधला २१६ बाय १३५ चा. ड्रॉइंग बोर्डावर फुल इम्पीरियल, म्हणजे मोठ्या आकाराचा, कागद लावून काम करणाऱ्याचा हात कोपरातून, खांद्यातून फिरतो. लहान पाटीवर तो सगळा मनगटात येतो, रेषा आखडते आणि चार महिन्यांत मनगट दुखायला लागतं. मधलाच घ्या. नजर पडद्यावर आणि हात खाली, हे पहिले काही आठवडे अवघड जाईल. त्या काळात ती ‘टॅब्लेट खराब आहे’ म्हणाली तर लगेच बदलायला धावू नका.

पडद्यावरच काढता येतं ते पेन डिस्प्ले छानच असतात, पण या बजेटात येणारे पडदे रंगाला यथातथाच. आयपॅड आणि प्रोक्रिएट एकदाच पैसे भरून मिळणारं सुंदर साधन आहे, प्रवासात स्केच करायला त्याला तोड नाही. फक्त लेबलवरचा बारीक मजकूर, डायलाइन (बॉक्स कापायच्या-दुमडायच्या रेषा), बारकोड, प्रेसला द्यायची पक्की फाइल ही कामं प्रोक्रिएटची नव्हेत. एकच यंत्र घ्यायचं असेल तर ते आयपॅड नको.

डब्याचं, म्हणजे सीपीयूचं, फार लांबवत नाही. सहा किंवा आठ कोअरचा प्रोसेसर, आत ग्राफिक्स असलेला. रॅम १६ जीबी, ८-८ च्या दोन पट्ट्या, कारण आतलं ग्राफिक्स रॅमच वापरतं आणि दोन पट्ट्यांना वेग मिळतो. चार स्लॉटचा मदरबोर्ड मिळाला तर पुढे वाढवता येईल. १ टीबी एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क. फोटोशॉप रॅम संपली की डिस्कवर खरडत बसतं, तेव्हा डिस्कचा वेगच कामी येतो. एक गोष्ट मात्र आजच करून ठेवा: एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, चांगल्या कंपनीचा आणि ६५० वॉटचा बसवा. म्हणजे उद्या कार्ड घातलं तरी बाकी काही उचकटावं लागणार नाही.

कार्ड कधी? तर ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडर (अंतिम चित्र तयार करणं) किंवा जड व्हिडिओ तिने खरंच सुरू केला की. ब्लेंडरचं सायकल्स हे रेंडर इंजिन कार्डावर कितीतरी पट वेगाने चालतं, आणि सगळा सीन कार्डाच्या मेमरीत मावला तर बरं, म्हणून घेताना ८ जीबीच्या खालचं घेऊ नका. चुलतभावाचं बरोबर आहे ते इथे. पण कॉलेजच्या पहिल्या वर्षात ती वस्तुचित्र आणि अक्षरलेखन करणार आहे. तोवर ते कार्ड घरात फक्त गेम खेळायला उपयोगी पडेल, आणि दोन वर्षांनी त्याच पैशात त्याहून चांगलं मिळेल.

सॉफ्टवेअरवर वाद घालणाऱ्यांची आपल्याकडे कमी नाही. कोरल १९८९ पासून आहे, आपल्या भागातल्या प्रेस, फ्लेक्स आणि प्लॉटर कटिंगवाल्यांचं सगळं जग त्यावर चालतं. फोटोशॉप-इलस्ट्रेटरवाली अडोबी २०१३ पासून भाडेपद्धतीवर गेली. विद्यार्थ्यांना सवलत असते, तरी दर महिन्याचा खर्च आहेच. माझं म्हणणं, पहिल्या वर्षी घरी एक रुपया भरू नका. चित्रासाठी क्रिता आणि थ्रीडीसाठी ब्लेंडर, दोन्ही मोफत आणि दोन्ही खरीखुरी व्यावसायिक दर्जाची. ब्लेंडरमध्ये केलेल्या एका लॅट्व्हियन चित्रपटाला २०२५ मध्ये ऑस्कर मिळालं, तेव्हा ‘फुकटचं ते फुकटचं’ असं कोणी म्हणू नये. व्हेक्टर शिकायला इंकस्केप चांगलं, पण ते मुळात पडद्याच्या रंगांत काम करतं, प्रेसला थेट देऊ नका. अ‍ॅफिनिटी ही फोटो-डिझाइनची प्रणाली कॅन्व्हा कंपनीने २०२४ मध्ये विकत घेतली आणि पुढच्या वर्षी मोफत केली. वापरून बघावी, फक्त देवनागरी जोडाक्षरं तपासल्याशिवाय मराठी कामाला घेऊ नये. कोरल आणि इलस्ट्रेटर कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा सुट्टीत तुमच्या मित्राच्याच दुकानात बसून शिकू दे. महिनाभर फ्लेक्सच्या दुकानात बसलेली मुलगी फाइल, माप आणि गिऱ्हाईक या तिन्ही गोष्टी कुठल्याही क्लासपेक्षा लवकर शिकते.

देवनागरीबद्दल मात्र जरा थांबून सांगतो, कारण इंटरनेटवरच्या इंग्रजी व्हिडिओत हे कोणी सांगत नाही. आपल्याकडच्या जुन्या फायली श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरच्या फॉन्टमध्ये असतात. त्या अक्षरांचे कोड वेगळे, दुसऱ्या मशीनवर तो फॉन्ट नसेल तर मजकुराच्या जागी चिन्हांचा कचरा दिसतो. नवीन काम युनिकोडमध्येच करावं. ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता, बालू असे चांगले फॉन्ट मोफत मिळतात. पण सॉफ्टवेअरलाही सांगावं लागतं. इलस्ट्रेटर-इनडिझाइनमध्ये परिच्छेदाच्या पर्यायांत वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडला नाही तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरांचे पाय मोडतात. फोटोशॉपमध्येही टाइपच्या सेटिंगमध्ये तसा पर्याय असतो.

नवीन फॉन्ट किंवा नवीन सॉफ्टवेअर आलं की मी एक ओळ टाइप करून बघतो: ‘श्रद्धा, ज्ञानेश्वर, कृष्णा, दुसऱ्या, लक्ष्मी, शिल्पा’. ‘दुसऱ्या’तला ऱ्या नीट जुळतो का, ‘कृ’चा ऋकार खाली चिकटतो का, आणि ल, श हे मराठी वळणाचे येतात की हिंदी वळणाचे. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात, मजकुराची भाषा मराठी निवडली की आपली येतात. प्रेसला फाइल देताना अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे नुसत्या आकारांत, बदलून द्यायची, कोरलमध्ये कंट्रोल-क्यू, आणि बदलण्याआधीची फाइल वेगळी जपायची. नाहीतर पुढच्या वर्षी तारीख बदलायला गिऱ्हाईक येतं आणि सगळं पुन्हा टाइप करत बसावं लागतं.

चित्र बनवणारी एआयची साधनंही ती वापरणारच. कल्पना सुचायला ठीक, पण त्यात आलेली देवनागरी अक्षरं जशीच्या तशी घेऊ नयेत.

क्रॅक, म्हणजे चोरीच्या, सॉफ्टवेअरबद्दल एकच. ते बसवताना अँटिव्हायरस बंद करा असं सांगतात, आणि त्याच वाटेने आत शिरलेल्या व्हायरसने ओळखीच्या एका प्रेसचा सगळा जुना साठा कुलूपबंद केला, वर पैसे मागितले. ऐन लग्नसराईत. त्यांच्याकडे दुसरी प्रत नव्हती.

दुसऱ्या प्रतीवरून आठवलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शाहूपुरी, व्हीनस कॉर्नरपर्यंत आलं, तेव्हा तळमजल्यावरच्या मशीनबरोबर शेजारच्या कपाटातल्या बॅकअपच्या डिस्कही बुडाल्या. बॅकअप त्याच खोलीत ठेवायचा नाही. एक बाहेरची हार्ड डिस्क तुमच्या घरी, आणि चालू काम क्लाउडवर.

विजेचं म्हणाल तर वळवाच्या दिवसांत लाइट जाते-येते, म्हणून यूपीएस हवाच, १ केव्हीएचा बघा. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. अर्थिंग खराब असेल तर पेनचा कर्सर जागच्या जागी थरथरतो आणि लोक टॅब्लेट बदलत बसतात.

पैशांची वाटणी मी अशी करेन: डबा ४५ हजारांच्या आसपास, मॉनिटर १२-१३, टॅब्लेट ६, यूपीएस ६, बाहेरची डिस्क ५. उरलेल्यात कीबोर्ड, माऊस, स्पाइक गार्ड. रॅम-एसएसडीचे भाव सारखे वरखाली होतात, म्हणून दोन-तीन दुकानांतून एकाच दिवशी लेखी कोटेशन घ्या आणि त्यात प्रत्येक भागाचं मॉडेल लिहून मागा. नुसतं ‘१६ जीबी रॅम, ६५० एसएमपीएस’ असं लिहिलेलं कोटेशन परत द्या.

दुकानात जाताना भाचीला घेऊन जा आणि पेनड्राइव्हवर दोन फायली न्या. एकात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत हळूहळू उजळत जाणारा पट्टा: त्यात पायऱ्या दिसल्या, किंवा बाजूने बघितल्यावर रंग पालटला, तर तो मॉनिटर नको. दुसरा तिने स्वतः रंगवलेल्या एखाद्या चित्राचा चांगला स्कॅन, मूळ चित्र सोबत घेऊन, म्हणजे पडद्याशेजारी धरून तिलाच ठरवता येईल. टॅब्लेटवर पट्टी ठेवून अगदी सावकाश तिरकी रेघ ओढायला सांगा. रेघ लहरत गेली तर दुसरा पीस मागवा. बिल जीएसटीचं, प्रत्येक भागाच्या सिरियल नंबरासकट घ्या, वॉरंटी त्यावरच मिळते.